मालवाहू छोटी मोटार : जपानची आणि आपली

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या टापूत वाढलेल्या मुलास ‘टेम्पो’ हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. तंबाखूचे बोद वखारीत न्यावयाचे असोत, भाजीच्या करंड्या पहाटेच्या बाजारास पोहोचवावयाच्या असोत, लग्नाचे रुखवत असो की गणपतीची मूर्ती असो, घरातील वडील माणूस एवढेच म्हणते, “टेम्पो सांगून ठेवा.” मग दाराशी जी गाडी येते ती कोणत्या कारखान्याची, तिला चाके तीन की चार, याची चौकशी कोणी करीत नाही. पुढे चालकापुरती खोली, मागे उघडा हौदा, आणि हौद्याला खाली पडणारा फाळका, एवढे असले म्हणजे तो टेम्पो.

वास्तविक ‘टेम्पो’ हे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी निघणाऱ्या एका तीनचाकी मालगाडीचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि ‘हॅन्सिअ‍ॅट’ या जातीची जर्मन तीनचाकी आपल्या देशात तयार होऊ लागली. पुढे एक चाक, मागे दोन, आणि लांबून ओळखू यावा असा आवाज. कंपनीचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले, तरी मराठी माणसाच्या तोंडी बसलेला शब्द काही गेला नाही.

आपल्या या टेम्पोची कुळकथा सांगावयाची तर जपानकडे वळावे लागते. कारण लहान मालगाडीचा प्रश्न ज्या देशाने सर्वांत चिकाटीने सोडविला तो देश जपान होय; आणि त्या देशाने जी वाट काही दशकांपूर्वी चालून टाकली, तीच वाट आपण पुढे चाललो. ती वाट कशी होती, हे या लेखात पाहावयाचे आहे.

तीन चाकांचा काळ

पहिल्या महायुद्धानंतरचा जपान हा अरुंद रस्त्यांचा, लहान शेतांचा आणि बेताच्या ऐपतीचा देश होता. अमेरिकेतून येणारी मोठी ट्रक तेथील गल्लीत वळत नसे आणि लहान दुकानदाराच्या खिशालाही परवडत नसे. हातगाडी व बैलगाडी पुरेनाशी झाली होती. या दोहोंच्या मध्ये बसणारे वाहन म्हणून तीनचाकी मालगाडी जन्मास आली. मोटारसायकलचा पुढचा भाग आणि गाड्याचा मागचा भाग एकत्र जोडावा, असे तिचे रूप होते. हिरोशिमा येथील तोयो कोग्यो या कारखान्याने १९३१ साली ‘माझदा-गो’ नावाची तीनचाकी बाजारात आणली. हाच कारखाना पुढे माझदा या नावाने जगप्रसिद्ध झाला.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. शहराची राखरांगोळी झाली. परंतु मध्ये टेकडी असल्यामुळे शहराच्या कडेचा हा कारखाना पुष्कळसा वाचला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे तीनचाकी मालगाड्या पुन्हा तयार होऊ लागल्या. विटा, लाकूड, तांदूळ आणि माणसांचे उरलेसुरले सामान वाहून नेण्यास काही तरी हवेच होते. उद्‌ध्वस्त देशाने प्रथम आरामाची मोटार बांधली नाही, तर ओझ्याची गाडी बांधली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तीन चाकांची गाडी स्वस्त असते आणि थोड्या जागेत वळते. मग ती मागे का पडली? याचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. कोणत्याही वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा तिच्या पायाच्या आत पडली तर ती वस्तू उभी राहते. बाहेर पडली तर कलंडते. चारचाकीचा पाया आयत असतो, तीनचाकीचा त्रिकोण. वळणावर ओझ्याचा जोर बाहेरच्या बाजूस जातो. आयताची बाजू दूर असते. त्रिकोणाची बाजू, विशेषतः पुढच्या एका चाकाकडे, फार जवळ असते. त्यातून वळता वळता ब्रेक दाबला तर जोर पुढेही सरकतो, म्हणजे नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. वेग वाढला, ओझे उंच रचले, की तीनचाकीची भीती वाढते ती यामुळे.

जपानातील रस्ते सुधारू लागले आणि वेग वाढला, तसा हा दोष टोचू लागला. १९५४ साली टोयोटा कंपनीने एक साधी, चार चाकांची, सुमारे एक टन ओझ्याची लहान ट्रक काढली. आरंभी ती तीनचाकीहून महाग असल्याने तिचा खप बेताचाच होता. मग कंपनीने धैर्य करून किंमत उतरविली, खप वाढला, खप वाढल्यामुळे किंमत आणखी उतरविता आली. १९५६ साली लोकांकडून नावे मागवून तिचे ‘टोयोएस’ असे बारसे करण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत मोठ्या तीनचाक्या जपानच्या रस्त्यांवरून हळूहळू नाहीशा झाल्या.

सूर्याचे नाव घेतलेली गाडी

दुसरी वाट मोटारीपासून निघाली. मासुजिरो हाशिमोतो या यंत्रज्ञाने १९११ साली टोकियोत एक लहान कारखाना काढला होता. त्यास भांडवल देणाऱ्या तीन गृहस्थांच्या, म्हणजे देन, आओयामा आणि ताकेउची यांच्या, आद्याक्षरांवरून त्याच्या मोटारीस ‘डॅट’ असे नाव पडले. पुढे तिच्याहून लहान मोटार निघाली तेव्हा तिला डॅटचा पुत्र या अर्थाने ‘डॅटसन’ म्हणू लागले. परंतु ‘सोन’ या उच्चाराचा जपानी भाषेत ‘तोटा’ असाही अर्थ होतो. व्यापाराच्या आरंभीच तोट्याचे नाव कोण घेणार? म्हणून ‘सन’ म्हणजे सूर्य असा अर्थ घेऊन इंग्रजी अक्षर बदलण्यात आले.

१९३५ साली योकोहामा येथे निस्सान कंपनीच्या नव्या कारखान्यात डॅटसन मोटारी ओळीने बाहेर पडू लागल्या, आणि त्याच सांगाड्यावर मागे हौदा बसविलेली लहान मालगाडीही तयार झाली. तिचे इंजिन अवघे ७२२ घनसेंटिमीटरचे होते. त्यामागे कायद्याचे कारण होते. त्या वेळी जपानात ७५० घनसेंटिमीटरच्या आतील गाडी चालविण्यास परवान्याची परीक्षा द्यावी लागत नसे. कायद्याने आखलेल्या चौकटीत जास्तीत जास्त काम कसे बसवावे, हे कसब जपानी यंत्रज्ञांच्या हाती तेव्हापासून आले.

युद्धानंतर ही डॅटसन मालगाडी पिढीमागून पिढी सुधारत गेली. १९५८-५९ च्या सुमारास ती समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली. तेथील अजस्र ट्रकांपुढे हजार घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ही गाडी खेळण्यासारखी दिसे. पण कॅलिफोर्नियातील माळी, शेतकरी, सुतार यांच्या लक्षात आले, की रोज चार पोती नेण्यास चाळीस पोत्यांची गाडी कशाला हवी? तिला पेट्रोल कमी लागे, ती सहसा बिघडत नसे, आणि बिघडली तर दुरुस्तीस सोपी असे. १९६१ साली ‘३२०’, १९६५ साली ‘५२०’, १९७२ साली ‘६२०’ अशा आवृत्त्या येत गेल्या आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी रुंद, थोडी बळकट व थोडी सुखकर होत गेली.

इतर कारखानेही मागे राहिले नाहीत. १९६१ साली माझदाने ‘बी १५००’ काढली. १९६८ च्या मार्च महिन्यात टोयोटाने ‘हायलक्स’ आणली. ही पहिली हायलक्स हिनो कंपनीच्या हामुरा येथील कारखान्यात तयार होई. इंजिन दीड लिटरचे आणि ओझे एक टनाचे. १९७२ साली इसुझूची ‘फास्टर’ आणि १९७८ साली मित्सुबिशीची ‘फोर्टे’ आली. या दोन दशकांत छोट्या पिकअप गाडीचे रूप कायम झाले. आजही वाळवंटात, मळ्यात, डोंगरात, जेथे रस्ता संपतो तेथे, या घराण्यातील गाड्या काम करताना दिसतात.

सांगाडा, पाटे आणि हौदा

या गाड्यांची ताकद कशात आहे? प्रथम सांगाडा पाहू. पोलादाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया अशी ही रचना असते. जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी डोळ्यांसमोर आणली म्हणजे झाले. इंजिन, खोली, हौदा ही सर्व या शिडीवर स्वतंत्रपणे बसविलेली असतात. त्यामुळे हौदा कुजला तर तेवढाच बदलता येतो. गाडी टाकावी लागत नाही. खाचखळग्यांत ही शिडी किंचित पिळवटते आणि पुन्हा सरळ होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मागचे पाटे. लहानमोठ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकीवर एक ठेवून बांधलेली कमान म्हणजे पाटा. ओझे पडले की कमान सपाट होऊ लागते, पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि धक्का जिरतो. पुष्कळ मालगाड्यांत खाली एकदोन जाड पट्ट्या जास्तीच्या असतात. गाडी भरल्यावरच त्या कामास येतात. टेम्पो रिकामा असता मागून उडतो आणि भरला असता शांत चालतो, असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच. पाटे ओझ्यासाठी घडविलेले असतात. त्यांना ओझे नसले तर ते ताठ राहतात.

तिसरी गोष्ट ओझ्याच्या जागेची. आपल्या गाडीवानास हे शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या खांद्यावरून उचलले जाते. पिकअप गाडीतही तसेच. हौद्यातील ओझ्याचा मध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे राहील अशा बेताने गाडी आखलेली असते. फाळक्याबाहेर लांब सळ्या लोंबत सोडल्या, की आस टेकूसारखा होतो, पुढची चाके हलकी पडतात आणि चालकाने चाक फिरविले तरी गाडी नीट वळत नाही. बैल निदान अडून उभा राहतो. यंत्र सांगत नाही.

कोंबडीमुळे बसलेला कर

या गाड्यांच्या इतिहासात एक गमतीचा प्रसंग आहे. १९६० नंतर अमेरिकेतील स्वस्त कोंबड्या युरोपात फार येऊ लागल्या, म्हणून पश्चिम युरोपातील देशांनी त्यांवरील जकात वाढविली. अमेरिकेस राग आला. तिने १९६४ च्या आरंभापासून परदेशी ब्रँडी, बटाट्याचे पिठूळ सत्त्व आणि मालवाहू मोटारी यांवर २५ टक्के कर बसविला. बाण मारला होता जर्मन गाड्यांवर, पण तो पुढे लागला जपान्यांस.

जपानी व्यापाऱ्यांनी त्यावर युक्ती काढली. हौदा नसलेली, नुसती खोली आणि सांगाडा असलेली गाडी पूर्ण ट्रक धरली जात नसे. तिच्यावर कर अवघा ४ टक्के होता. तेव्हा गाड्या हौद्याविना जहाजात चढू लागल्या आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना हौदे बसविले जाऊ लागले. ही पळवाट १९८० साली बंद झाली. कोंबडीचा तंटा मिटून दशके लोटली, तरी तो कर काही मिटला नाही. यंत्राचा इतिहास केवळ यंत्रज्ञ लिहीत नाहीत, तो जकातनाक्यावरही लिहिला जातो. आणि हे वाक्य आपल्या देशासही लागू पडते.

जपानी गाड्या आपल्याकडे

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात परकी मोटारी आणण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे डॅटसन किंवा हायलक्स त्या काळी आपल्या खेड्यात दिसली नाही. आपली गरज भागविली ती पुण्याच्या टेम्पोने आणि मुंबईच्या जीपने. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली. १९६९ पासून बजाज टेम्पोची ‘मॅटॅडोर’ ही चारचाकी आली आणि तिने हमरस्त्यावर नाव कमावले.

१९८० नंतर दार थोडे उघडले. चार जपानी कंपन्या चार भारतीय भागीदारांसह लहान ट्रक तयार करण्यास आल्या. डीसीएम-टोयोटा उत्तर प्रदेशातील सूरजपूर येथे, स्वराज-माझदा पंजाबात, आयशर-मित्सुबिशी मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे आणि ऑल्विन-निस्सान तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील झहीराबाद येथे. आता जुन्या देशी गाड्यांचे दिवस भरले, असा पुष्कळांचा समज झाला.

परंतु दोन गोष्टी घडल्या. पहिली जकातनाक्यासारखीच दूरची होती. सप्टेंबर १९८५ मध्ये मोठ्या राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी न्यूयॉर्क येथे करार करून डॉलर उतरविण्याचे ठरविले. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत; १९८७ च्या अखेरीस सुमारे १२० च मिळू लागले. म्हणजे येन दुपटीने महागला. जपानातून सुटे भाग आणून गाड्या जुळविणाऱ्या कारखान्यांचे कंबरडे यामुळे मोडले. दुसरी गोष्ट घरची होती. १९८६ साली टाटांच्या पुण्यातील कारखान्यातून ‘४०७’ ही ट्रक बाहेर पडली. ती येथील यंत्रज्ञांनी, येथील रस्ते, येथील ओझी आणि येथील सवयी ध्यानी घेऊन आखली होती, आणि तिचे भाग येथेच तयार होत होते. काही वर्षांतच बाजार तिने जिंकला. १९८९ साली ऑल्विन-निस्सान महिंद्रांकडे गेली.

यावरून जपानी गाड्या वाईट होत्या असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. त्या उत्तमच होत्या. परंतु जपानच्या यशाचे मर्म त्यांच्या गाड्यांत नव्हते, तर त्यांच्या रीतीत होते. आपल्या गल्ल्या, आपली शेते, आपले कायदे आणि आपल्या गिऱ्हाइकाचा खिसा पाहून त्यांनी गाडी आखली. ४०७ च्या यंत्रज्ञांनी त्यांची गाडी उचलली नाही, रीत उचलली.

छोटा हत्ती

ही रीत पुरती फळास आली ती २००५ साली. तोपर्यंत पुणे-बंगळूर मार्ग रुंद होत आला होता. त्यावरून मोठ्या ट्रक वेगाने धावू लागल्या. शहरांच्या आतील गल्ल्यांत मात्र त्यांना वाव नव्हता. हमरस्त्यावर तीनचाकीची गती पुरेना, आणि खेड्यातून तालुक्यास जाण्यास मोठी ट्रक परवडेना. म्हणजे १९५० नंतरच्या जपानपुढे जो प्रश्न होता, तोच अर्धशतकाने आपल्यापुढे उभा राहिला.

टाटांच्या पुणे येथील यंत्रज्ञांनी, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली, प्रथम तीनचाकी चालविणाऱ्यांकडे जाऊन विचारपूस केली. तुम्हांस काय हवे? उत्तरांत ओझे, तेल आणि किंमत ही तर आलीच. पण चार चाकांच्या गाडीचा मालक म्हणून गावात जी पत मिळते तिचाही उल्लेख आला. त्यातून ‘एस’ ही गाडी निघाली. दोन नळकांड्यांचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, सुमारे १६ अश्वशक्ती, आणि पाऊण टन ओझे. १९३५ च्या डॅटसनच्या ७२२ घनसेंटिमीटरशी हा आकडा ताडून पाहा! सत्तर वर्षांच्या अंतराने दोन देशांच्या यंत्रज्ञांनी जवळजवळ एकच माप निवडले. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. तिच्या भावंडांपैकी ‘एस झिप’ ही गाडी तर आपल्या शेजारच्या धारवाड येथील कारखान्यात तयार झाली.

मग एकामागून एक अशा गाड्या आल्या. त्यांत महिंद्रांची बोलेरो पिकअप आमच्या भागातील शेतकऱ्यांच्या विशेष परिचयाची आहे. २०१६ साली मारुती-सुझुकीची ‘सुपर कॅरी’ आली. ‘कॅरी’ हे नाव जपानात १९६१ पासून चालत आलेले आहे. तेथे आरंभी तिचे इंजिन ३६० घनसेंटिमीटरचे होते, कारण लहान गाड्यांना करात सवलत देणाऱ्या जपानी कायद्याची मर्यादा त्या वेळी तेवढी होती.

निपाणीच्या बसस्थानकाजवळ दहा मिनिटे उभे राहिले, तर एम‌एच-०९, केए-२२, केए-२३ अशा पाट्यांच्या या गाड्या एकीमागून एक जाताना दिसतात. बेळगाव परिसरातील कोबी, मिरची, टोमॅटो रात्री गाडीत चढतो आणि चोर्ल्याचा घाट उतरून सकाळी गोव्याच्या बाजारात पोहोचतो. संकेश्वरची मिरची, कोल्हापूरच्या पेठेकडे जाणारा गूळ, निपाणीची तंबाखू, सर्वांचे पहिले पाच-दहा मैल याच हौद्यातून होतात. राज्यांची सीमा कागदावर कोठेही असो, भाजीच्या करंडीस ती ठाऊक नसते. ज्या शेतकऱ्याजवळ पूर्वी अडत्याची गाडी येईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नव्हता, तो आता चार शेजारी मिळून टेम्पो ठरवितो आणि जेथे भाव बरा तेथे माल नेतो. लहान गाडीने दिलेले खरे स्वातंत्र्य ते हेच.

बेळगावचा धागा

या कथेत आपल्या बेळगावचाही एक धागा आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. पुढे तेथेच त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नगरपालिकेच्या कामासाठी जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्याच घराण्यातील चौथ्या पिढीचे विक्रम किर्लोस्कर यांच्या काळात, १९९७ साली, टोयोटा-किर्लोस्कर ही कंपनी निघाली. तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदी येथे आहे. तेथून २००० साली बाहेर पडलेली ‘क्वालिस’ पुष्कळांस आठवत असेल. ती ज्या ‘किजांग’ गाडीवरून घेतली ती इंडोनेशियात १९७७ साली निघाली तेव्हा केवळ एक साधी पिकअप होती. त्यानंतरची ‘इनोव्हा’ आणि ‘फॉर्च्युनर’ या तर २००४ च्या हायलक्सच्या सख्ख्या बहिणी. सांगाडा मुळात एकाच आखणीचा. अखेर २००२ नव्हे, २०१२ नव्हे, तर २०२२ साली हायलक्स स्वतः भारतात अवतरली. परंतु गंमत अशी, की जी गाडी जगात शेतमजुराची सोबतीण म्हणून वाढली, ती आपल्याकडे श्रीमंताच्या हौसेची वस्तू म्हणून आली. शेतकऱ्याच्या दारी छोटा हत्ती केव्हाच येऊन उभा राहिला होता.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास ज्या ओतशाळा आहेत, त्यांतून मोटारींच्या इंजिनांचे ओतीव भाग बाहेर जातात. नांगराचा फाळ ओतणाऱ्या गावाची ती परंपरा आहे. शाळेतून बाहेर पडणाऱ्या आपल्यांतील काही विद्यार्थी उद्या त्याच भट्ट्यांजवळ उभे राहतील.

ओझे आणि माणूस

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. छोट्या हत्तीचे ओझे पाऊण टन, म्हणजे ७५० किलो धरू. पन्नास किलोची पंधरा पोती झाली. आपल्या भागात तिच्यात पंचवीस-तीस पोती चढविलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. गाडी चालते, म्हणून ते चालते असे वाटते. परंतु वजन दुप्पट झाले की त्याच वेगाला थांबविण्यासाठी ब्रेकला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. ती सर्व उष्णता होते. घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होतात ते यामुळे. चालक बेफिकीर होता, असे नंतर लोक म्हणतात. पुष्कळदा गाडी भरली त्याच वेळी अपघात ठरून गेलेला असतो.

याहून वाईट गोष्ट म्हणजे हौद्यात माणसे भरणे. भांगलणीस जाणाऱ्या बायका, लग्नाचे वऱ्हाड, जत्रेस निघालेले कुटुंब, सामन्यास जाणारा शाळेचा संघ. पंचवीस माणसे, प्रत्येकी साठ किलो धरली, तरी दीड टन होतात. पोते खाली बसते. माणूस उभा राहतो, म्हणून गुरुत्वमध्य उंच जातो. पोते जागचे हलत नाही. माणसे वळणावर एका बाजूस झुकतात, म्हणजे ओझे नेमके नको त्या क्षणी नको त्या बाजूस जाते. पाटे ओझ्यासाठी घडविलेले, फाळका मालासाठी लावलेला. धरावयास काही नाही. टेम्पो उलटून मजूर दगावल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्या बातमीत वर सांगितलेला त्रिकोण आणि आयत दडलेला असतो.

कोणी म्हणेल, बस वेळेवर मिळत नाही, मजुरी बुडते, मग काय करावे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर केवळ मजुराने द्यावयाचे नाही. गाडीमालकाने, शेतमालकाने, गावाने आणि सरकारने मिळून द्यावयाचे आहे. परंतु आपल्यापुरते एवढे तरी करता येईल : आपल्या घरचा टेम्पो असेल तर त्यावर लिहिलेले ओझे वडिलांना वाचून दाखवावे, आणि सहलीसाठी कोणी टेम्पो सांगितला तर नम्रपणे, पण स्पष्टपणे नाही म्हणावे.

उद्या सकाळी शाळेत येताना वाटेत एखादा टेम्पो उभा दिसला, तर क्षणभर थांबून त्याचे पाटे मोजा, सांगाड्याची शिडी पाहा, मागचा आस आणि हौद्याचा मध्य यांतील अंतर डोळ्यांनी मापा. राखेतून उठलेल्या हिरोशिमाच्या कामगारांनी, योकोहामाच्या यंत्रज्ञांनी, पुण्याच्या आणि बेळगावच्या हातांनी जे जे शिकले ते त्या चार चाकांवर उभे आहे. त्याने आपले ओझे वाहावे, एवढ्यासाठी ते घडले आहे. त्याच्यावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे न लादणे, हे आपले काम आहे.